कंटेनरचं घर आणि महापालिकेची परवानगी

छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत स्वतःच्या प्लॉटवर जुना मालवाहू कंटेनर ठेवून घर करायचं, तर परवानगी लागते का? लागते. विटा नाहीत, क्रेनने उचलून नेता येतं, एवढ्यावर सुटका होत नाही. रचना कोणत्याही साहित्याची असो, नियमांत ती इमारतच. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार मंजुरी आधी घ्यायची.

खरी अडचण उंचीची आहे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर हवी. साध्या कंटेनरची आतली उंची साधारण २.३९ मीटर, उंच प्रकाराची २.६९. मराठवाड्याच्या उन्हासाठी छताला आतून उष्णतारोधक थर लावला, की ती आणखी घटते. म्हणून कंटेनरचा सौदा करण्याआधी परवानाधारक अभियंत्याला गाठा, नकाशा काढून घ्या. छप्पर कापून वर उचलायचं असेल, तर मजबुतीची जबाबदारी घेणारा स्ट्रक्चरल इंजिनिअरही हवाच.

जून २०२५मध्ये मुकुंदवाडीत जालना रस्त्यालगतची बांधकामं महापालिकेने अनधिकृत ठरवून पाडली, ते आपण पाहिलंय. तेव्हा प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजूर रेखांकनाशिवाय तुकडे पाडून विकलेला असेल, तर पहिलं काम तो नियमित करण्याचं, कंटेनर नंतर.