आयव्हीची सगळ्यात जोमदार फांदी मी का कापली?

आज कोडिंग नाही, आज कुंडी.

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा नर्सरीतून ‘ग्लेशियर’ जातीची आयव्ही आणली. राखाडी-हिरवी पानं, कडेला पांढरट किनार. लॅपटॉपशेजारी ठेवली. पावसाळ्यात तिची एक फांदी सुसाट वाढायला लागली. मोठी, हिरवीगार पानं! मी खूश. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली, तर आई म्हणाली, “अरे, पण पांढरी किनार कुठे गेली?”

तेव्हा कुठे मी वाचायला बसलो. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तो भाग अन्न तयार करत नाही. म्हणूनच दुरंगी आयव्ही सावकाश वाढते. कधीकधी तिला पूर्ण हिरवी फांदी फुटते. याला ‘रिव्हर्जन’ म्हणतात. ती फांदी जास्त अन्न बनवते, भराभर वाढते आणि बाकीच्या वेलीला मागे टाकते. आमच्या भाषेत सांगायचं तर ही ब्रांच वेळेत डिलीट करायची, अगदी जिथून फुटली तिथून.

पण सगळ्यात निरोगी दिसणारी फांदी कापायला हात धजेना. दोन महिने टाळलं. तोवर जवळजवळ सगळी कुंडी हिरवी झाली होती. शेवटी सगळं हिरवं छाटलं. उरली वीतभर दुरंगी फांदी. तिचा शेंडा पेराखाली कापून पाण्यात ठेवला. तीनेक आठवड्यांत मुळं फुटली. आज माझ्याकडे दोन कुंड्या आहेत.

आता कामाच्या गोष्टी. उजेड भरपूर हवा, पण दुपारचं कडक ऊन नको. अंधाऱ्या कोपऱ्यात पानांचा पांढरेपणा कमी होतो. वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच पाणी घाला. आयव्ही मूळची थंड हवेतली, त्यामुळे आपला एप्रिल-मे तिला जड जातो. कोरड्या हवेत लाल कोळी ही कीड येते. पानांवर बारीक फिकट ठिपके आणि जाळी दिसली, तर पानं खालच्या बाजूनेही नळाखाली धुवा. छाटताना हातमोजे घाला, चिकाने खाज येऊ शकते. घरात मांजर असेल तर कुंडी उंच टांगा. ही पानं पोटात गेली तर विषारी असतात.

तर आज घरी गेल्यावर कुंडी नीट बघा. एखादी फांदी फारच हिरवी दिसतेय? मग कात्री घ्या. माझ्यासारखे दोन महिने थांबू नका. भेटू पुढच्या भागात!