शेकरू बघायला आम्ही आहुप्याला गेलो

 

हळद शिजवून, वाळवून, ढोलात घोळून झाली आणि मोंढ्याला गेली की आमच्या गटांची सहल निघते. आजपर्यंत तुळजापूर झालं, माहूर झालं, शेगाव तर दोनदा झालं. गेल्या उन्हाळ्यात मात्र बैठकीत भांडणच लागलं, आणि त्याला कारण एक माकड. माकड म्हणायचं खरं, पण ते माकड नव्हतं, त्याला शेपूटच नव्हती.

झालं असं की गटातल्या एका ताईच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. इंडोनेशियात सुमात्रा नावाचं बेट आहे. तिथं घनदाट पावसाळी जंगलाच्या कडेला, नदीकाठी बुकित लवांग नावाचं खेडं आहे. त्या जंगलात ओरांगउटान राहतो. तांबूस लांब केसांचा, माणसासारखा बसणारा, लेकरू पोटाशी धरून झाडाझाडांनी फिरणारा वानर. तिथल्या भाषेत ओरांग म्हणजे माणूस आणि हुतान म्हणजे जंगल, म्हणजे वनातला माणूसच म्हणायचा. त्याची आई एक लेकरू सात-आठ वर्षं वाढवते आणि मगच दुसऱ्याचा विचार करते. हे ऐकून आमच्या एक मावशी म्हणाल्या, "आमच्या सासूला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

तो बघायला जगभरातून लोक विमानानं येतात आणि त्या खेड्यात मुक्काम करतात. मग कुणीतरी विचारलं, आपल्या महाराष्ट्रात असं झाडावर राहणारं, जाऊन बघण्यासारखं काही नाही का? मुलगी म्हणाली, "आहे की, शेकरू. आपल्या राज्याचा प्राणी आहे तो." शेकरू म्हणजे मोठी खार. आता खार बघायला पुण्यापलीकडं जायचं, यावर अर्धी बैठक हसली. "आमच्या लिंबावर दहा खारी हायत, फुकट दाखवते," असंही एक बाई म्हणाली. शेवटी भीमाशंकरनं तोड काढली. औंढा नागनाथ आपल्या उशाला आहे, दुसरं ज्योतिर्लिंगही होईल आणि शेकरूचं जंगलही तिथंच आहे. भीमाशंकरचं अभयारण्य 1985 साली झालं, ते मुख्यतः या शेकरूसाठीच. देवही होईल, खारही होईल, असं ठरलं. खर्च ज्याचा त्यानं करायचा, गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, हेही ठरावात लिहिलं.

एप्रिलच्या शेवटी आम्ही चौदा जणी निघालो. रात्रीच्या रेल्वेनं पुणे, तिथून एसटीनं घोडेगाव आणि पुढं जीप. आधी भीमाशंकरचं दर्शन घेतलं. तिथल्या गर्दीविषयी काही सांगत नाही, औंढ्याची शिवरात्र बघितलेल्यांना ते ठाऊकच आहे. मुक्काम मात्र आम्ही आहुप्याला केला. आंबेगाव तालुक्यातलं, कड्यावरचं शेवटचं गाव. पलीकडं एकदम खोल कोकण. वस्ती महादेव कोळी समाजाची.

आहुप्याच्या रस्त्यावर माळीणचा फाटा लागतो. जीपवाल्या दादानं हात करून दाखवलं आणि गाडीतल्या गप्पा बंद झाल्या. 30 जुलै 2014 ला सकाळी डोंगर खाली आला आणि माळीण गाव त्याखाली गेलं. 151 माणसं गेली. एसटीचा चालक गाडी घेऊन आला, तर त्याला समोर गावच दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. पाऊस तर प्रचंड होताच, पण वरच्या उतारावर यंत्रानं जमीन सपाट केली होती, त्याचीही पुढं बरीच चर्चा झाली. आम्हाला कुरुंद्याच्या बायांना हे ऐकताना कसं वाटलं, ते सांगायला नको. 2022 च्या जुलैत एका रात्रीच्या पावसानं आमच्या गावात पाणी शिरलं होतं. धान्य भिजलं, हळदीचं बेणं गेलं, पत्र्याच्या पेटीतली गटाची वह्या-रजिस्टरं आम्ही उन्हात एकेक पान सुटं करून वाळवली. आमचं पाण्यानं भागलं, त्यांच्यावर डोंगरच आला.

आहुप्यात ज्या ताईंच्या घरी उतरलो, त्यांच्या अंगणात बाळहिरडा वाळत घातलेला होता. काळे, सुरकुतलेले, मनुकेपेक्षा थोडे मोठे. तिकडं उन्हाळ्यात झाडावर चढून कोवळा हिरडा काढतात, वाळवतात आणि विकतात. औषधाला जातो. आपल्याकडं जशी हळद, तसा तिकडं हिरडा, वर्षाचा रोख पैसा त्याच्यावर. फरक एवढाच की हिरड्याला नांगरट नाही, खत नाही. मात्र झाड राहिलं पाहिजे. ताई म्हणाल्या, "झाड तोडून लाकूड विकलं तर एकदाच पैसा. हिरडा माझ्या आजीनं काढला, आता मी काढते."

पहाटे साडेपाचला त्यांनी उठवलं. शेकरू सकाळी आणि संध्याकाळी हिंडतो, दुपारी फांदीवर पाय सोडून आडवा पडलेला असतो, मग दिसत नाही. गावाजवळच देवराई आहे. देवाच्या नावानं राखलेलं रान. त्यातलं झाड तोडायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा चुलीला न्यायची नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या अभ्यासकांनी 1970 च्या दशकात अशा देवराया हिंडून हिंडून नोंदवल्या, तेव्हा शहाण्या लोकांना त्यांची किंमत कळली. गावाला ती आधीपासून होती. आत पाऊल टाकलं आणि उन्हाळा बाहेरच राहिला. जांभूळ, आंबा, हिरडा, अंजनी, आणि गारंबीचा वेल तर असा की आम्हाला आधी ते झाडाचं खोडच वाटलं. एप्रिलात पायाखाली ओलसर पाचोळा! आमच्याकडं त्या दिवसांत विहिरीचा तळ दिसतो.

ताई पुढं, आम्ही मागं. बांगड्या वाजायला लागल्या तशा त्यांनी ओठावर बोट ठेवलं. चौदा बायांनी गप्प चालायचं म्हणजे काय परीक्षा, ते तुम्हीच समजा. अर्धा तास काही नाही. मग वरून खडखडखड असा आवाज आला, कुणी रागानं दात वाजवावेत तसा. ताईंनी बोट केलं. आधी दिसली ती शेपूट. फांदीवरून खाली लोंबणारी, झुबकेदार, टोकाला फिकी. मग तो वळला. पाठ तांबडी-तपकिरी, पोट पिवळसर. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तीन फूट तरी असेल. पुढच्या दोन पायांनी फळ धरून कुरतडत होता, साल खाली आमच्या अंगावर पडत होती. मग मागच्या पायांवर उठला आणि समोरच्या झाडावर झेप घेतली. वीस फूट अंतर म्हणजे शेकरूला काही नाही. लिंबावरच्या दहा खारी सांगणारी आमची बाई तोंडावर पदर धरून उभी होती. नंतर म्हणाली, "ही खार न्हाई, ही खारीची जाऊबाई हाय, थोरली."

आता आमची चूक सांगतो, लपवत नाही. आमच्यातल्या एकीनं पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला. मनात पाप नव्हतं. गाईला घास घालतो, कावळ्याला घालतो, तसंच हे. कागदाचा आवाज झाला आणि ताईंनी मागं वळून तिचा हातच धरला. शांतपणे, पण घट्ट. परत येताना त्यांनी सांगितलं. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. वरच खातो, वरच झोपतो, वरच पिल्लू वाढवतो. माणसानं खायला टाकलं की तो खाली यायला शिकतो, आणि खाली कुत्री असतात. आधी आलेल्या पाहुण्यांनी अशी सवय लावलेला एक शेकरू कुत्र्यानं धरला होता, तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. पुडा काढणारी मैत्रीण दिवसभर गप्प होती. रात्री भाकरी थापायला मात्र ताईंच्या शेजारी तीच बसली.

शेकरूची घरटीही दाखवली. झाडाच्या शेंड्याजवळ, बारीक फांद्यांवर, काटक्या-पानांचे गोल गोळे. बारीक फांद्या यासाठी की जड शिकारी प्राणी तिथवर पोचू नये. एकाच शेकरूची चार-पाच घरटी असतात, एकात पिल्लू ठेवायचं, बाकीची झोपायला. म्हणजे त्याला एक झाड राखून भागत नाही, शेंड्याला शेंडा लागणारी झाडं लागतात. मधली चार झाडं तोडली की त्याचा रस्ता तुटला. मुलीनं सांगितलं, सुमात्रातला ओरांगउटानही असाच, रोज रात्री झाडावर फांद्या मोडून नवं अंथरूण करतो.

रात्री जेवण झाल्यावर आम्ही गटाच्या बाया, दुसरं काय विचारणार? हिशेब विचारला. राहणं, दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता धरून माणशी 600 रुपये आम्ही ताईंच्या हातात दिले होते. ताई म्हणाल्या, "असे थेट हातात कमी लोक देतात." शहरातले काही गाडीवाले फोनवर पाहुणे ठरवतात, पाहुण्यांकडून भरपूर घेतात आणि घरवालीला जेवणापुरते टेकवतात. काही जण जेवणही बरोबर आणतात, म्हणजे गावाला राहतात ती फक्त प्लास्टिकची ताटं. रान राखायचं गावानं आणि कमाई रस्त्यावरच्याची. आम्हाला नवल वाटलं नाही. हळदीत मधला माणूस काय खातो ते आम्ही बघतोच. आम्ही त्यांना सांगितलं, चार घरांनी मिळून एकच दर ठरवा, पाहुणे पाळीपाळीनं वाटून घ्या, एक वही ठेवा. त्यांचाही बचत गट आहे, पण हे काम त्यांनी गटात आणलेलं नव्हतं. वहीचा नमुना आम्ही तिथंच आखून दिला. पाहुणे, मुक्काम, जेवणं, जमा, खर्च, आणि एक रकाना देवराईसाठी. हा शेवटचा रकाना ताईंनी सांगून काढून घेतला.

परत आल्यावर मुलीनं त्या बुकित लवांगचं पुढचं वाचून दाखवलं. तिथं 1973 साली स्वित्झर्लंडच्या दोन बायांनी, पिंजऱ्यात पाळलेल्या ओरांगउटानांना परत रानात सोडायचं केंद्र सुरू केलं होतं. पुढं पाहुणे वाढले, खायला घालायची सवय लागली, माणसाचे आजार त्या जनावरांना लागायची भीती आली. आता खायला घालायचं नाही, दहा मीटर दूर राहायचं, असा नियम आहे. म्हणजे आमच्या ताईंनी हात धरला तोच नियम. आणि 2003 च्या नोव्हेंबरात त्या गावावर वरून नदीचा लोंढा आला. दोनशेच्या वर माणसं गेली. वरच्या जंगलातली चोरटी तोड हे एक कारण सांगितलं गेलं. हे ऐकल्यावर माळीणच्या फाट्यावर झालो होतो तशाच आम्ही पुन्हा गप्प झालो.

ओरांगउटानचं रान आटायचं एक मोठं कारण म्हणजे पामची लागवड, पामतेलासाठी. आणि पामतेल सगळ्यात जास्त विकत घेणाऱ्या देशांत आपला भारत पुढं आहे. 2022 च्या दिवाळीत रेशनवर शंभर रुपयांत आनंदाचा शिधा मिळाला, आठवतं? रवा, साखर, चणाडाळ आणि तेल. ते तेल पामचंच होतं. आमच्या गटाचा फराळही स्वस्त पडतो म्हणून पामतेलातच तळला जायचा. यावर बैठकीत पुन्हा भांडण झालं. एक पक्ष म्हणाला, सुमात्राच्या वानरासाठी आम्ही शेवेचा भाव वाढवायचा का? तोही खोटा नाही, गिऱ्हाईक भाव बघून जातं. दुसरा पक्ष म्हणाला, आपल्या मराठवाड्याची करडई कुठं गेली? बांधापर्यंत काटेरी करडई असायची, भाजी तिची, तेल तिचं. शेवटी दिवाळीच्या फराळातला थोडा माल करडईच्या तेलात करून, वेगळा भाव लावून बघायचा, एवढंच ठरलं. पाच घरांनी रब्बीत काही सऱ्या करडई घ्यायची कबूल केली आहे. घाणा वसमतला आहे, तो किती घेतो ते विचारून ठेवलं आहे.

आणि आता नवी अडचण. आहुप्याच्या ताईंचा परवा फोन आला. येत्या हळदीच्या हंगामात त्यांच्या गटाच्या बारा जणी औंढा नागनाथाला येणार आहेत, आणि मुक्काम कुरुंद्याला. "तुमच्याकडं काय बघायला आहे?" असं त्यांनी विचारलं. आम्ही हळद शिजवायचा कुकर आणि टोकाईचा गड सांगितला. लिंबाखाली बसलेली आमची ती बाई मागून ओरडली, "वानरं सांगा, वानरं! हरभऱ्यात रोज वीस येतात." आता बारा जणींना कोणाच्या घरी उतरवायचं यावरून बैठक आहे, येत्या सोमवारी, ग्रामसंघाच्या खोलीत, दुपारी दोनला. माणशी दर ताईंइतकाच ठेवायचा की त्यांच्याकडून घ्यायचेच नाहीत, हा विषय पहिला आहे.