क्रायसोमिया मेगासेफालाची ओळख

मासळीबाजारात दिसणारी, निळसर-हिरव्या धातुझळाळीची क्रायसोमिया मेगासेफाला ही माशी द्विपंखी गणाच्या कॅलिफोरिडी कुलात मोडते. फॅब्रिसियस यांनी १७९४ मध्ये तिचे वर्णन मस्का, म्हणजे घरमाशीच्या प्रजातीत केले होते. नराच्या संयुक्त डोळ्यातील वरच्या नेत्रिका, म्हणजे डोळा घडवणारे सूक्ष्म घटक, खालच्यांपेक्षा ठळकपणे मोठ्या असतात व दोहोंमधील स्पष्ट सीमारेषा ही खात्रीची खूण होय. मादीत ती नसल्याने वक्षाच्या पुढील श्वसनरंध्राचा गडद तपकिरी रंग आणि पंखाच्या मुळाशी असलेल्या खालच्या पाळीचा काळपटपणा पाहावा लागतो. जनावरांच्या जखमांत जिवंत मांसावर अळ्या वाढणाऱ्या क्रायसोमिया बेझियानात ही पाळी पांढरट असते, म्हणूनच हा बारकावा पशुवैद्यांसाठी फार मोलाचा आहे.