एका बाळाच्या दोन नोंदी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



परिचारिका म्हणून मी लसीकरणाच्या वह्या पुष्कळ लिहिल्या. 2023 पासून हळूहळू यू-विन पोर्टलवर नोंदी होऊ लागल्या. पण घोळ जुनाच आहे, आणि त्याचे मूळ आपल्या माहेरपणात आहे! पहिलटकरीण माहेरी जाते. जन्मतःची बीसीजी, पोलिओ व काविळीची लस बाळाला तिकडेच मिळते. बारसे व्हावयाचे असते, म्हणून नोंद होते 'अमकीचे बाळ' अशी. पुढे आई सासरी येते, कार्ड माहेरच्या कपाटात राहते. इथे बाळाचे नाव, दुसराच मोबाईल क्रमांक, नवी नोंद. एका बाळाची दोन झाली, आणि दोघांच्याही लसी अपुऱ्या! आशाताई बिचाऱ्या नसलेल्या बाळासाठी दारे ठोठावीत हिंडतात.

उलट चूक याहून वाईट. एकदा गर्दीत मी नवव्या महिन्याच्या गोवराच्या रकान्यात आधीच खूण करून ठेवली. बाळाला ताप फार, म्हणून डॉक्टरांनी परत पाठविले. वहीतली खूण तशीच राहिली. पुढल्या यादीत ते बाळ येणार कसे? दोन महिन्यांनी त्याची आजी कार्ड घेऊन आली. "बाई, हा चौकोन कोरा कसा?" तिला अक्षरओळख नव्हती, कोरा चौकोन मात्र कळत होता. लस त्याच दिवशी दिली. मला रात्री झोप आली नाही.

तेव्हा दुपट्यांबरोबर कार्डही सासरी आणा, माहेरी दिलेला मोबाईल क्रमांक सांगा, आणि लस दिल्यावर तारीख आमच्यासमोरच वाचून पाहा. आम्हांला राग येणार नाही.