तळपायांची विचारपूस

मधुमेहाचं नाव निघालं की लोक जिभेवर येतात. चहा फिका घ्या, भात कमी करा. ते खरंच आहे, पण पुष्कळदा ऐकून झालंय. मला पायांबद्दल बोलायचं आहे. हा आजार माझ्या सोबतीला आहे, त्याला बारा वर्षं झाली.

आपल्या वाशीम जिल्ह्यात पायांना विश्रांती कमीच. सोयाबीन सोंगल्यावर शेतात टोकदार खुंटं उरतात. रामनवमीला, ऐन उन्हाळ्यात, लोक पोहरादेवीला पायी जातात. मंदिरात, दर्ग्यात चपला बाहेर. धडधाकट पायाला काही टोचलं की कुणी ‘आई गं’ म्हणतं, कुणी ‘या अल्लाह’, आणि थांबतं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा बधिर होतात. मग ही हाकच बंद होते.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांच्या चपलेत खिळा वर आला होता. दोन दिवस त्या तशाच फिरल्या. फरशीवरचं रक्त नातवाला दिसलं. त्यांना दुखलंच नव्हतं! एक बोट गेलं, पाय वाचला.

विदर्भाला बधिर पाय नवे नाहीत. अमरावतीचं तपोवन, बाबा आमटेंचं आनंदवन आपल्याला ठाऊक आहे. 1946 साली भारतात आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवलं की, पाय झिजतात ते दुखणं कळत नाही म्हणून. त्या रुग्णांसाठी वापरात आलेल्या मऊ रबराच्या ‘एमसीआर’ चपला आज मधुमेहींनाही देतात. काहींना त्या घालायची लाज वाटते. पाय गमावण्यापेक्षा ती चपल काय वाईट?

आम्ही वजू करतो, म्हणजे नमाजाआधी पायही धुतो. माझे डॉक्टर म्हणाले, “धुणं उत्तम, पण बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, ओलीत बुरशी धरते.” म्हणून माझ्या खिशात पायांसाठी वेगळा रुमाल असतो. पाणी किती गरम आहे, ते कोपराने पाहावं, पायाने नव्हे. तळव्यांना तेल लावावं, बेचक्यांत नको. भोवरी ब्लेडने कापू नये. चपल घालण्याआधी झटकावी. बिडीने पायाच्या रक्तवाहिन्या आणखी अरुंद होतात, तेव्हा तीही सोडा. रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे पाहावेत. नजर कमी असेल तर नातवंडांना बसवावं. त्यांना हे काम आवडतं.

दवाखान्यात मोजे काढून पाय दाखवा. नायलॉनचा धागा टेकवून स्पर्श कळतो का, ते पाहतात. पाच मिनिटांचं काम. वर्षातून एकदा हे, डोळ्यांचा पडदा आणि लघवीतली प्रथिनं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीएवनसी’ बहुतेकांची सातच्या आत हवी. म्हाताऱ्यांचं डॉक्टर ठरवतील. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात साखर मोफत तपासतात.

आणि फोड दिसला, तर हळद भरून आठवडा काढू नका. दुखत नसेल, तर त्याच दिवशी निघा.