चाळीस किलोंचा विजेता

जिम्नॅस्टिक्स हा कोवळ्या वयाचा खेळ, असं आपण धरून चालतो. पण १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सहाही साधनांचे गुण मिळून ठरणारं पुरुषांचं वैयक्तिक विजेतेपद ज्यानं मिळवलं, तो व्हिक्टर चुकारिन तीस वर्षांचा होता. आणि ऐन विशीतली चार वर्षं त्यानं जर्मनांच्या छावण्यांत काढली होती.

चुकारिन युक्रेनमधल्या मारिउपोलचा. युद्धापूर्वीच त्याचं नाव झालं होतं. १९४१ मध्ये सोव्हिएत सैनिक म्हणून लढताना तो पकडला गेला. बुखेनवाल्डसह कितीतरी छावण्या त्यानं पाहिल्या. १९४५ मध्ये सुटला तेव्हा वजन चाळीस किलोंच्या आसपास उरलं होतं. दारात उभा राहिला तर आईनं ओळखलं नाही. डोक्यावरचा जुना व्रण पाहिला तेव्हा कुठं तिला पटलं, असं सांगतात.

अशा शरीरानं त्यानं ल्विव्हमध्ये शिक्षण घेत पुन्हा सराव धरला. पॉमेल हॉर्स हे साधन आठवून पाहा. दोन मुठींचा तो घोडा. सगळा भार आळीपाळीनं एकेका हातावर, पाय सतत गोल फिरते. थांबलात की गुण गेले. हेलसिंकीत या साधनाचं सुवर्ण चुकारिनचं होतं. एकूण चार सुवर्णं, दोन रौप्यं. त्याच्या मागोमाग दुसरा आलेला संघसोबती ग्रांत शागिन्यान हाही युद्धात पायाला जखम झालेला.

पुढं १९५६ मध्ये मेलबर्नला, पस्तिसाव्या वर्षी, चुकारिननं ते विजेतेपद राखलं. त्याचे गुण ११४.२५, जपानच्या ताकाशी ओनोचे ११४.२०. बारा कसरतींच्या बेरजेत फरक फक्त पाच शतांशांचा. दोन ऑलिंपिक मिळून अकरा पदकं, त्यांत सात सुवर्णं.

जिद्द असली की सगळं जमतं, असा धडा मात्र या गोष्टीतून काढायला माझं मन धजत नाही. जर्मनांच्या कैदेत सुमारे तीस लाख सोव्हिएत युद्धकैदी उपासमारीनं, रोगराईनं, गोळ्यांनी मेले. जिद्द त्यांच्यातही होतीच. जे परतले, त्यांच्याकडं त्यांच्याच देशात संशयानं पाहिलं गेलं. चुकारिन वाचला, त्याला पोटभर अन्न मिळालं, शिकायला जागा मिळाली, सरावाला वर्षं मिळाली. मग त्यानं केलेले कष्ट फळाला आले. पदकं त्याच्या कष्टांचीच; पण कष्ट करायला माणूस आधी जिवंत राहावा लागतो.

त्या तीस लाखांत कुणी गवई असेल, कुणी गणिती, कुणी त्याच्याहूनही सरस जिम्नॅस्ट. त्यांचे गुण कुठल्याच फलकावर लागले नाहीत.

चुकारिन पुढं ल्विव्हच्या क्रीडा संस्थेत शिकवत राहिला आणि १९८४ मध्ये त्याच शहरात वारला. विजेता म्हणून तो स्मरणात राहीलच. युद्धातून परतलेला एक मुलगा म्हणूनही त्याला आठवावं.