भाषा येईपर्यंत दाराबाहेर?

(युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



ज्या मुलाच्या घरात इंग्रजी नाही, ते इंग्रजी शाळेत आलं तर काय करायचं? आधी वेगळ्या वर्गात बसवून भाषा शिकवायची, की पहिल्या दिवसापासून सगळ्यांबरोबर बसवायचं? उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या मुलामुलींना मी अकरावी सायन्सचं फिजिक्स शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर रोज असतो. पण आधी दोन परदेशी उदाहरणं सांगते. तिथे हा वाद सरकारी चौकशी आणि कोर्टापर्यंत गेला होता.

पहिलं उदाहरण इंग्लंडमधल्या कॅल्डरडेलचं. यॉर्कशायरमधला हा गिरण्यांचा भाग. गिरणीकामासाठी पाकिस्तानातून अनेक कुटुंबं इथे आली. त्यांच्या मुलांची प्रवेशाच्या वेळी इंग्रजीची चाचणी होई आणि कमी पडलेल्यांना नेहमीच्या वर्गाऐवजी वेगळ्या भाषा केंद्रात किंवा वेगळ्या वर्गात पाठवलं जाई. हेतू मदतीचाच होता. पण तिथे इतर मुलांइतके विषय मिळत नव्हते आणि इंग्रजी बोलणारे सवंगडीही नव्हते. मग इंग्रजी बोलायची कुणाशी? १९८६ मध्ये ब्रिटनच्या वंशसमानता आयोगाने चौकशी करून या पद्धतीला १९७६ च्या कायद्याखाली अप्रत्यक्ष भेदभाव ठरवलं. ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द लक्षात ठेवा. नियमात कुणाचा वंश लिहिलेला नव्हता, फटका मात्र जवळजवळ सगळा आशियाई मुलांना बसत होता. आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, स्वान समितीनेही भाषेची मदत मुख्य वर्गातच द्यावी असं सांगितलं होतं.

तुम्ही म्हणाल, प्रश्न सुटला, सगळ्यांना एकत्र बसवा. थांबा. दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचं. तिथे इंग्रजी न येणारी सुमारे १,८०० चिनी मुलं इतरांबरोबर एकाच वर्गात बसत होती. तीच पुस्तकं, तेच शिक्षक. भाषेची मदत मात्र शून्य. पालक कोर्टात गेले. १९७४ मध्ये ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. सगळ्यांना सारखं पुस्तक दिलं म्हणजे सारखी वागणूक झाली असं होत नाही, कारण ज्याला भाषाच कळत नाही त्याच्यासाठी ते शिक्षण बंदच असतं, असा त्याचा आशय होता.

आता ही दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवा. एका ठिकाणी मुलं वेगळ्या खोलीत होती, दुसऱ्या ठिकाणी त्याच खोलीत पण एकटी. दोन्हीकडे ती शिक्षणाच्या बाहेरच राहिली. म्हणून मी खोली कोणती हे विचारत नाही. भाषा आणि विषय एकाच वेळी मुलाच्या हाती लागतात का, हे विचारते.

‘आधी भाषा, मग विषय’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याने ते करून पाहिलं. २००८ पासून तिथे अशा मुलांना रोज चार तास फक्त इंग्रजी शिकवत. शाळेच्या दिवसातले चार तास गेल्यावर गणित, विज्ञान, इतिहासाला उरतं किती? २०१९ मध्ये कायदा बदलून हे तास कमी करावे लागले. कॅनडातले भाषाशास्त्रज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवून दिलं आहे, की गप्पा मारण्याइतकी भाषा दोनेक वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. इतकी वर्षं विषय थांबवून ठेवता येत नाही.

याचा अर्थ वेगळा तास कधीच नको, असा नाही. उशिरा शाळेत आलेल्या मुलाला सुरुवातीचे काही महिने जादा शिकवणी लागतेच. आपला २००९ चा शिक्षण हक्क कायदाही तेच म्हणतो: वयानुसार योग्य वर्गात प्रवेश आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण. जादा तास वर्गाला जोडून असावा, वर्गाच्या बदल्यात नसावा. आणि तो कधी संपणार हे पहिल्या दिवशी ठरलेलं असावं.

आता आपल्याकडे या. दहावीपर्यंत विज्ञान उर्दूत शिकलेली मुलगी अकरावीत येते आणि एका सुट्टीत सगळं इंग्रजी होतं. ती गप्प बसते. ‘उर्दूवाले कच्चे असतात’ असा शिक्का बसतो. माझ्या वर्गात अशाच एका मुलीला मी फळ्यावरची किरणाकृती दाखवून विचारलं, “याला उर्दूत काय म्हणायचात?” ती म्हणाली, “इनइताफ.” आणि अपवर्तनाचा नियम तिने उर्दूत बिनचूक सांगितला. फिजिक्स तिला येत होतं. फक्त ‘रिफ्रॅक्शन’ हा शब्द अडला होता. तिला कच्च्यांच्या तुकडीत टाकून इंग्रजी व्याकरण शिकवलं असतं, तर तिचं येणारं फिजिक्सही मागे पडलं असतं.

उपाय महागडे नाहीत. बालभारतीचं दहावीचं विज्ञान उर्दू, मराठी आणि इंग्रजी तिन्हींत निघतं. धडे तेच, आकृत्या त्याच. तिन्ही पुस्तकं शेजारी उघडा आणि धड्यागणिक शब्दांचा तीन रकान्यांचा तक्ता करा. शंका मुलांना आपल्या भाषेत विचारू द्या, उत्तर मात्र इंग्रजीत लिहायला मदत करा. उर्दूतून आलेलं मूल आणि इंग्रजी माध्यमातलं मूल एका बाकावर बसवा.

तुमच्यापैकी बरेच जण वस्तीत मोफत क्लास घेतात. माझी विनंती आहे, नुसते ‘इंग्लिश स्पीकिंग’चे वर्ग काढू नका. दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावी सुरू होईपर्यंतच्या आठवड्यांत विज्ञान आणि गणितातूनच इंग्रजी शिकवा. आणि कॉलेज सुरू झाल्यावर प्राचार्यांना जाऊन भेटा. उर्दू आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी वर्गातच काय सोय केली आहे, हे विचारा. दोन्हीकडच्या मुलांसाठी विचारा, कारण गावाकडच्या मराठी शाळेतून आलेला मुलगाही त्याच बाकावर गप्प बसलेला असतो.